अंगणातला निवृत्त फौजी

लष्करातला जवान निवृत्त झाला की त्याला निरोप मिळतो, पेन्शन मिळतं, गावातली चार माणसं मानाने ‘सुभेदारसाहेब’ म्हणून हाक मारतात. लष्करातली गाडी निवृत्त झाली की तिच्या वाट्याला येतो लिलाव! डेपोच्या मैदानात गाड्या रांगेने उभ्या असतात. कुणाला चाकं नाहीत, कुणाला काचा नाहीत, कुणाच्या सीटमधून गवत उगवलेलं. समोर बोली लावायला उभे असतात ते बहुतेक भंगारवाले. त्यामुळे बऱ्याच गाड्या तिथून जातात त्या थेट गॅसकटरखाली.

पण एखादीचं नशीब उघडतं. कुणी हौशी गृहस्थ तिला घरी आणतो. ‘सहा महिन्यांत रस्त्यावर काढतो बघ,’ असं घरात सांगतो आणि ते काम सहा वर्षं पुरतं. अंगणातली तुळस बाजूला सरकते, बाथरूममधल्या साबणाला ग्रीसचा वास लागतो आणि शेजारीपाजारी विचारू लागतात, ‘‘काय हो, हे भंगार कधी हलवणार?’’

मंडळी, जुन्या लष्करी गाड्या घरी नीट करण्याचा हा छंद आपल्या देशात चांगलाच रुजलेला आहे. पंजाबपासून केरळपर्यंत त्याचे भक्त सापडतील. या छंदात पैसा जातो, वेळ जातो, कधीकधी घरची शांतताही जाते. पण सगळ्यात मोठं नुकसान होतं ते वेगळ्याच कारणाने. पहिल्या महिन्याच्या उत्साहात माणूस असं काहीतरी कापून टाकतो, जे पुन्हा कधीच जोडता येत नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी या पाहुण्यांची ओळख करून घेऊ. सगळ्यांना ठाऊक असलेली म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. इंजिन चार सिलिंडरचं, साधारण २.२ लिटरचं, ताकद ६० अश्वशक्ती. आजच्या गाड्यांपुढे हे आकडे किरकोळ वाटतील, पण वाळवंट, चिखल आणि बर्माच्या सरहद्दीवरचं जंगल हिने पालथं घातलं. युद्ध संपलं आणि या गाड्या जिथे होत्या तिथेच ‘डिस्पोजल’मध्ये निघाल्या. फिलिपाइन्समध्ये लोकांनी त्या मागून लांबवल्या, वर रंगीबेरंगी टप चढवला आणि त्यातून ‘जीपनी’ ही तिथली प्रवासी गाडी जन्माला आली. आपल्याकडेही लष्कराच्या जीपा आणि ट्रक शेतावर, जंगलात, घाटात कामाला लागले.

दुसरी आपली स्वतःची जोंगा. मुळात ही जपानच्या निसान कंपनीची पेट्रोल. हे इंधनाचं नाव नाही, गाडीचं नाव आहे बरं का, ‘पट्रोल’, म्हणजे गस्त! १९६९ पासून ती परवान्याखाली जबलपूरच्या वाहन कारखान्यात तयार होऊ लागली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावातली अक्षरं जुळवून ‘जोंगा’ झालं. हिचं सहा सिलिंडरचं इंजिन जवळजवळ चार लिटरचं. खऱ्या पेट्रोलची तहानही तशीच दांडगी! १९९९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

तिसरा म्हणजे शक्तिमान ट्रक. जर्मनीच्या एमएएन कंपनीशी करार करून १९५९ मध्ये जबलपूरच्याच गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला शक्तिमान बाहेर पडला. पुढे १९९६ पर्यंत तो बनत राहिला. हिमालयातल्या चौक्यांवर पीठ, रॉकेल, दारूगोळा आणि माणसं पोचवणारा तो हाच. ज्यांच्या घरात कुणी फौजेत होतं, त्यांनी सुट्टीवर आलेल्या मामा-काकांच्या तोंडून शक्तिमानचं नाव नक्की ऐकलं असेल.

म्हणजे बघा, यातली एकही गाडी आता नव्याने बनत नाही. जेवढ्या उरल्या तेवढ्याच. एक कापली की एक कमी झाली.

आता या छंदातले दोन पंथ. एक ‘जशीच्या तशी’वाल्यांचा. बोल्टसुद्धा मूळचाच हवा, असा यांचा हट्ट. हा हट्ट वेडगळ वाटेल, पण त्यात गंमत आहे. फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर ठोकलेलं असे. पुढच्या जाळीमागचा चॅसीचा आडवा दांडा विलीजच्या जीपमध्ये गोल नळीचा, तर फोर्डच्या जीपमध्ये चौकोनी घडणीचा. जाणकार माणूस खाली वाकून एक नजर टाकतो आणि गाडीचं माहेर कुठलं ते सांगतो.

दुसरा पंथ फेरफारवाल्यांचा. यांना गाडी रोज वापरायची असते, किंवा मित्रांत मिरवायची असते. हरियाणातलं डबवाली गाव तर जुन्या जीपा नव्याने सजवून देण्यासाठीच देशभर प्रसिद्ध झालं. रुंद टायर, उघडा टप, चकाकता रंग आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन!

या दुसऱ्या पंथाला नावं ठेवायचं कारण नाही. काही ठिकाणी फेरफार ही चैन नसते, पोटाचा प्रश्न असतो. दार्जिलिंग जिल्ह्यात मानेभंज्यांगहून संदकफूला जाणारी तीसेक किलोमीटरची उभी चढण आहे. तिथे १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर अनेक वर्षं प्रवासी वाहत आल्या. मूळ इंजिनं दमली, सुटे भाग मिळेनात, तेव्हा तिथल्या मेकॅनिकांनी अनेक गाड्यांत देशी डिझेल इंजिनं बसवली. तसं केलं नसतं तर त्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या. फेरफारानेच त्या जगल्या.

मग योग्य काय? जशीच्या तशी ठेवायची की बदलायची? या वादात न पडता एक साधा नियम सांगतो, तो दोन्ही पंथांना चालेल. जो बदल पुन्हा पूर्ववत करता येईल, तेवढाच करा.

उदाहरणं घ्या. मागच्या बाजूला मुलांसाठी मऊ सीट हवी आहे? जरूर बसवा, पण मूळची भोकं आणि मूळचे बोल्ट वापरून बसवा. त्यासाठी पत्रा कापू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं वायरिंग सहा व्होल्टचं असतं. दिवे मिणमिणतात म्हणून बारा व्होल्ट करायचं असेल तर करा, पण जुना डायनॅमो आणि स्टार्टर तेल-ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, माळ्यावर ठेवा. पॉवर स्टिअरिंगच्या मोहाने चॅसीला वेल्डिंग करायचं असेल, तर मात्र आठ दिवस थांबा. चॅसीला एकदा गॅसकटर लागला की परतीची वाट बंद. पुढच्या पिढीतल्या कुणाला ती गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली, तर त्याच्या हाती तुम्ही काय देणार आहात, एवढा विचार त्या आठ दिवसांत करा.

आता हा केवळ भावनेचा प्रश्न राहिलेला नाही, कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. म्हणजे ओळखीच्या गॅरेजवाल्याने ‘काही होत नाही हो’ म्हणून दुसरं इंजिन बसवून दिलं, तर उद्या अपघात झाल्यावर विमा कंपनीसमोर उभं राहायचंय ते तुम्हाला, त्याला नव्हे. इंजिन किंवा इंधन बदलायचं तर आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या.

शिवाय मूळ रूप जपणाऱ्याला २०२१ पासून एक मानाचा दरवाजा उघडला आहे. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. अट एकच, पण कडक! गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालणार नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. म्हणून फेरफाराच्या मोहात पडण्याआधी आपली गाडी या दारापाशी कधी पोचेल, याचा हिशेब करून ठेवा. पन्नास वर्षं मोजायची ती कागदावरच्या तारखेपासून. तेव्हा कागद गाडीइतकेच जपा.

कागदांचं आणखी एक. जुनी फौजी गाडी विकत घेताना लिलावाचे मूळ कागद, नोंदणी पुस्तक आणि चॅसीवर कोरलेला नंबर हे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहा. दोन मेलेल्या गाड्यांची मिळून एक जिवंत गाडी केलेली असते आणि कागद तिसऱ्याच गाडीचे असतात, असेही प्रकार बाजारात चालतात. दिल्ली परिसरात राहणाऱ्या वाचकांनी तर आणखी जपावं. तिथे जुन्या गाड्यांवर वेगळी बंधनं आहेत. आधी चौकशी, मग खरेदी.

आणि रंग! इथे ‘जशीच्या तशी’वाल्यांची मोठी अडचण होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा लष्करी हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना लावता येतो. कारण उघड आहे, त्या रंगाच्या गाडीला पहारेकरी सहज वाट देतो. तेव्हा बोल्टपासून हूडपर्यंत सगळं मूळचं ठेवलं, तरी रंग मात्र वाळूचा, राखाडी किंवा दुसरा कुठलाही द्यावा लागतो आणि तो बदल नोंदणी पुस्तकात नोंदवावा लागतो. फौजी निवृत्त झाला की वर्दी उतरवतो, तसंच हे समजा.

मात्र जुना रंग खरवडण्याआधी कॅमेरा हातात घ्या. या गाड्यांच्या अंगावर त्यांची सर्व्हिस बुकं लिहिलेली असतात. लष्करी नंबरात वर टोक केलेला बाण असतो. त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे गाडी लष्करात दाखल झाल्याचं वर्ष. रंगाच्या थरांखाली असा जुना नंबर, एखाद्या तुकडीचं चिन्ह, टायरमधल्या हवेचा आकडा लपलेला सापडतो. मागच्या डिफरन्शियलवर पांढरा रंग आणि त्याच्या वर एक छोटा दिवा दिसला, तर तो काढून टाकू नका. अंधारात, मोठे दिवे बंद ठेवून चाललेल्या ताफ्यात मागच्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीचा तेवढाच पांढरा ठिपका दिसायचा. त्या ठिपक्यावर नजर ठेवून माणसांनी रात्रीच्या रात्री घाट उतरलेले आहेत.

आता सुरक्षेच्या चार गोष्टी. यांत हयगय नको.

एक, इंजिनाआधी ब्रेक. सगळ्यांना घाई असते ती इंजिनाचा आवाज ऐकण्याची. पण चालू झालेली गाडी थांबलीही पाहिजे ना! वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकचे रबरी पाइप आणि सिलिंडर आधी बदला. आणि इंजिन चालू करण्यापूर्वी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक रात्र मुरू द्या, मग हँडलने हळूहळू फिरवा. एकदम स्टार्टर मारलात तर चिकटलेल्या रिंगा तुटतात.

दोन, चाकं. जुन्या लष्करी जीपच्या अनेक रिम दोन तुकड्यांच्या, नटांनी एकमेकांना आवळलेल्या असतात. चाक हबला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे वेगळे. टायरमध्ये हवा असताना रिमचे नट सोडवले, तर ती रिम तोफगोळ्यासारखी सुटते. ट्रकच्या कडीवाल्या रिमचंही तेच. आधी व्हॉल्व्ह काढून पूर्ण हवा सोडा, मगच पाना लावा.

तीन, टाकी. रिकाम्या पेट्रोल टाकीत वाफ उरते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. टाकी घरी वेल्डिंग करू नका, जाणकाराकडेच द्या. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. भक्कम स्टँड लावा आणि चाकांना उटी लावा.

चार, धूळ. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि जुन्या रंगात शिसं. दोन्ही फुफ्फुसांना आणि विशेषतः लहान मुलांना घातक. ब्रेकचा ड्रम हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. रंग कोरडा घासण्याऐवजी पाणी मारून घासा, तोंडावर मास्क लावा आणि त्या दिवशी मुलांना अंगणात येऊ देऊ नका.

बाकीच्या दिवशी मात्र मुलांना जरूर येऊ द्या. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट डब्यात घालून त्यावर चिठ्ठी चिकटवायचं काम दहा वर्षांचं मूल मोठ्या माणसापेक्षा नेटकं करतं. त्यातून त्याला आपोआप कळतं, की अमेरिकन जीपला इंची पाने लागतात आणि जोंगाला मिलिमीटरचे. आणि हा फक्त पुरुषांचा खेळ आहे, असंही समजू नका. ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ, म्हणजे पुढची राणी, हिने १९४५ मध्ये महिलांच्या लष्करी दलात दाखल होऊन ट्रक चालवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं शिक्षण घेतलं होतं. राजकन्येच्या हाताला ग्रीस चालतं, तर आपल्या लेकी-सुनांच्या हाताला का नको?

पैशाचा प्रश्न राहिलाच. त्याबद्दल इतकंच सांगतो, की गाडीची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. सुरुवातीला जो अंदाज कराल, तो घरात सांगण्याआधी दुप्पट करा. घरखर्चाच्या डब्याला हात लावायचा नाही आणि कर्ज काढून छंद करायचा नाही, हे दोन नियम पाळले तर गाडी घरात भांडण आणत नाही. एका वेळी एकच काम घ्या आणि ते पुरं करा. सगळी गाडी एकदम उघडून ठेवलेला माणूस बहुधा दोन वर्षांनी ती पोत्यांत भरून विकतो.

आणि शेवटी सगळ्यात दुर्मिळ सुटा भाग. तो दिल्लीच्या मायापुरीत मिळत नाही की चेन्नईच्या पुदुपेटमध्येही मिळत नाही. तो म्हणजे या गाड्या चालवलेला आणि दुरुस्त केलेला माणूस. लष्कराच्या ईएमई दलात, म्हणजे गाड्या-यंत्रं सांभाळणाऱ्या दलात, उमेद घालवलेले कितीतरी हवालदार, सुभेदार आज गावोगावी निवृत्तीचं आयुष्य काढताहेत. कार्बोरेटर कुठल्या आवाजाला किती फिरवायचा, थंडीत शक्तिमान कसा उठवायचा, हे त्यांच्या हातांना माहीत आहे. ते बरंचसं कुठल्या पुस्तकात उतरलेलं नाही. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात या गाड्या नव्या असताना हाकल्या, ते आता ऐंशीच्या घरात आहेत.

आपल्या गावात, सोसायटीत, नात्यात असं कुणी असेल, तर एका रविवारी त्यांना घरी बोलवा. गाडी असो वा नसो. त्यांना बोलतं करा, मुलांना शेजारी बसवा, आणि ते सांगतील ते वहीत लिहून घ्या. गाडी असेल तर बॉनेट उघडून त्यांना खुर्ची द्या आणि पहिला पाना त्यांच्याच हातात द्या. काय कापायचं आणि काय जपायचं, हे ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.